एक आणि एक-अ

बुधवारी सकाळी एमिल कुचेरा नावं द्यायच्या खिडकीपाशी उभा राहिला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात कोर्टाचा कागद होता. तो बाहेर काढायचा आणि खिडकीतून आत सरकवायचा, एवढंच काम होतं. तीन आठवडे ते झालं नव्हतं.

खिडकीच्या आत अर्डिस बसायची. हॅडलीच्या रेसकोर्सवर कुठला घोडा कुठल्या शर्यतीत, कोण मालक, कोण ट्रेनर, हे सगळं तिच्या हातून कार्डावर छापलं जाई.

"बोला एमिल. काय घालताय?"

"सेकंड कटिंग. शनिवारी, आठव्या शर्यतीत."

अर्डिसने पेन खाली ठेवलं. "आठवी म्हणजे कपाची शर्यत. चुकून बोललात ना?"

"नाही."

"अहो, दहा वर्षांचं जनावर ते! ओमाहाहून कर्नल डस्टसारखा घोडा येतोय या शर्यतीला. तुमचा कटिंग काय करणार, त्याच्यासाठी दार उघडून धरणार?"

"जरा हवा खाईल."

"लव्होनची प्लमपण आहे त्यात."

"असेल."

"असेल म्हणे!" अर्डिस हसली आणि लिहायला लागली. "म्हणजे पुन्हा तुमची जोडी लावायची मी. दोन वर्षं झाली वेगळे राहताय, आणि माझ्या यादीत अजून सुखानं नांदताय."

"नियम आहे ना."

"नियम आहे म्हणून तर लावते. कागद येत नाही तोवर नवरा-बायको ते नवरा-बायको."

एमिलचा हात खिशाकडे गेला. खिशातून त्याने चष्मा काढला, पुसला, आणि तिने पुढे केलेल्या फॉर्मवर सही केली. कागद तिथेच राहिला.

नियम जुना होता आणि घोड्यांच्या माणसांना तो तोंडपाठ होता. नवऱ्याचा घोडा आणि बायकोचा घोडा एकाच शर्यतीत असले तर ते एकाच घरचे धरायचे. एकाला आकडा १, दुसऱ्याला १-अ. पैसे लावणाऱ्यांना दोघं मिळून एकच तिकीट. दोघांतलं कोणीही जिंकलं तरी तिकीट जिंकलं. पण घर एक म्हटल्यावर गुन्हाही एक. जोडीतल्या एका घोड्याने कोणाला धक्का दिला, वाट अडवली, आणि त्याचा फायदा दुसऱ्याला झाला असं पंचांना वाटलं, तर दोघांनाही खाली ढकलायचा अधिकार त्यांना होता. मग दुसरा कितीही सरळ पळालेला असो.

एमिल त्रेसष्ट वर्षांचा होता. त्यातली एकतीस वर्षं त्याने लव्होनबरोबर काढली होती. उन्हाळाभर नेब्रास्कातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी, एका रेसकोर्सच्या पागेतून दुसऱ्या पागेत, मागे घोड्यांची गाडी आणि पुढच्या सीटवर ती दोघं. पहाटे चारला उठून खरारा करायची ती. पायांवर हात फिरवून कुठली नस गरम लागते ते ओळखायची ती. अडलेल्या घोडीच्या पोटातून शिंगरू ओढून काढायची तीच. कार्डावर मात्र ट्रेनर म्हणून नाव एमिल कुचेराचं. लग्न झालं तेव्हा तशीच पद्धत होती, आणि पुढे ती बदलावी असं त्याच्या मनात कधी आलं नाही. घोडा जिंकला की फोटो काढत. फोटोत एमिल टोपी हातात घेऊन मध्ये उभा, आणि कडेला मोहरकीची दोरी धरून, निम्मी घोड्याच्या मानेआड गेलेली लव्होन.

पंचावन्नाव्या वर्षी एकदा जेवताना ती म्हणाली, "मी ट्रेनरची परीक्षा देणार आहे."

"कशाला?" एमिल म्हणाला होता. "घरात एक आहे ना."

तो काही दुष्टपणाने बोलला नव्हता. हसत बोलला होता, पुढचा घास घेत. पण ते वाक्य त्याला आता रोज आठवे. दाढी करताना, बादली भरताना, ते आपणहून कानाशी येऊन बसे.  लव्होनने परीक्षा दिली, ती पास झाली, त्यांच्याच पागेत जन्मलेली एक घोडी तिने स्वतःच्या नावावर घेतली आणि पलीकडच्या पागेत राहायला गेली. ती घोडी म्हणजे वाइल्ड प्लम. दोन वर्षांत प्लम सात वेळा दुसरी आली. ट्रेनर म्हणून लव्होनच्या नावावर अजून जिंकलेली एकही शर्यत नव्हती. प्लम आठ वर्षांची झाली होती आणि शनिवारनंतर तिला घरच्या कुरणात सोडायचं लव्होनने ठरवलं होतं, हे सगळ्या पागेला ठाऊक होतं. कपाची शर्यत ही शेवटची संधी होती.

कागद तीन आठवड्यांपूर्वी आला. तो घेऊन लव्होन स्वतः एमिलच्या पागेत आली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या दारात उभी होती. एमिलने घाईघाईने बाकावरची खोगिरं उचलली, पण ती बसली नाही.

"घटस्फोट झाला," ती म्हणाली. "ही ऑफिसात द्यायची प्रत. तू जातोसच तिकडे, अर्डिसला दे."

"मी?"

"मग काय! मी गेले तर ती खिडकीतून हात धरून तासभर बोलत बसेल. मला नाही ते सोसणार. आणि कागदांचं तूच बघत आलास ना सगळं?" मग जरा थांबून, "त्यात माझं नावही बदललंय. माहेरचं घेतलंय परत. लायसन्सवर तेच लावायला सांग."

ती गेल्यावर एमिलने कागद उघडून पाहिला. लव्होन एकलंड. त्या नावाची एक मुलगी त्याला फार वर्षांपूर्वी एका जत्रेत भेटली होती. खसखस भरलेल्या कोलाचे नावाच्या गोड पावांचं ताट घेऊन उभी होती आणि त्याच्याशी बोलताना ताट तिरकं होऊन दोन खाली पडले होते. दोघांनी ते उचलून, फुंकर मारून खाल्ले होते. कागदावर ते नाव टाइप केलेलं पाहून त्याने घडी घातली आणि कागद खिशात ठेवला.

दोन दिवसांनी पाण्याच्या नळाशी तिने विचारलं, "दिलास?"

एमिलने मान हलवली. ती मान 'हो' अशी हलली.

आता त्याला वाटे, इथेच सगळं बिघडलं. नाही दिला म्हटलं असतं, तर ती चिडली असती, दुसऱ्या दिवशी तो निमूट देऊन आला असता, संपलं असतं. पण कागद एकदा खिडकीच्या आत गेला की कार्डावर ती दोघं पुन्हा कधी एका कंसात येणार नव्हती. बाकी सगळं गेलंच होतं. घर गेलं, गाडीची पुढची सीट गेली, सकाळची कॉफी गेली. उरला होता तो हा कंस. १ आणि १-अ, एकाखाली एक, आणि डाव्या बाजूला दोन्ही नावांना कवेत घेणारी ती बारीक रेघ. एकदा, फक्त एकदा ती छापून येऊ दे, मग देतो, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. त्यासाठीच त्याने म्हाताऱ्या कटिंगला त्याच्या कुवतीबाहेरच्या शर्यतीत घातलं.

गुरुवारी दुपारी कार्ड छापून आलं. एमिलने ते दाण्याच्या खोलीत बसून चार वेळा वाचलं. शेजारच्या पागेतला ह्युबर्ट, जुना ट्रेनर, दारातून डोकावला.

"काय रे म्हाताऱ्या, बायबल वाचतोयस की काय?"

"कार्ड."

"बघितलं मी. कपात घातलंस कटिंगला! लाज वाटू दे जरा. घोडा विचारत असेल, मालक, मी तुमचं काय वाकडं केलं?"

"पळेल तो."

"पळेल, पळेल. बाकीचे घरी जाऊन जेवले की मग पोचेल." ह्युबर्टने कार्डावर बोट ठेवलं आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "बाईला राग नाही ना येणार?"

एमिलने कार्डाची घडी केली. जोडीतलं काही बदलायचं तर शुक्रवारी सकाळी दहापर्यंत मुदत असे. शुक्रवारी सकाळी दहाला एमिल कटिंगच्या खुरातली माती काढत होता. पलीकडच्या पागेपुढे लव्होन तिच्या घडीच्या खुर्चीवर कॉफीचा कप घेऊन बसलेली त्याला दिसत होती. कामाच्या वेळी ती अशी कधी बसत नसे. त्याला वाटलं, दमली असेल.

शनिवारी ऊन कडक होतं. नदीकडून कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडत येत होता आणि धावपट्टीवर, लोकांच्या टोप्यांवर, बियरच्या ग्लासांत पडत होता. आठव्या शर्यतीत सात घोडे होते. एमिल आणि लव्होन आपापल्या घोड्यांना सोडून कठड्याशी आले, तर गर्दीने त्यांना शेजारीशेजारीच उभं केलं. तिने निळा इस्त्रीचा शर्ट घातला होता. हा शर्ट एमिलच्या ओळखीचा नव्हता.

"कशी आहे प्लम?" त्याने विचारलं.

"बरी आहे." ती समोर बघत म्हणाली. "कटिंग?"

"बरा आहे."

तेवढ्यात गेट उघडलं.

कटिंग असा सुटला की एमिलचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कुठून त्याच्या अंगात आलं कोण जाणे. तो सगळ्यांच्या पुढे गेला, दोन घोड्यांच्या अंतराने, आणि वळणापर्यंत तसाच राहिला. प्लम आतल्या कठड्याला लागून तिसरी होती. बाहेरून कर्नल डस्ट सरकत येत होता. वळण संपता संपता कटिंगचा दम संपला. एमिलला ते त्याच्या कानांवरून कळलं. त्याचे कान मागे पडले, डोकं वर झालं, आणि तो बाहेरच्या बाजूला झुकत गेला. जॉकीने लगाम ओढला, पण पाचशे किलोचं थकलेलं जनावर ओढून कुठे वळतं! कटिंगचा खांदा डस्टच्या छातीवर आदळला. डस्ट अडखळला, दोन पावलं चुकला. आणि कटिंग बाहेर गेल्यामुळे कठड्याशी जी मोकळी वाट झाली, तिच्यातून प्लम निघाली.

ती सुंदर निघाली. जॉकीने चाबूक उचललासुद्धा नाही. एका घोड्याच्या अंतराने ती पहिली आली. दुसरा कोणी एक साधाच घोडा आला, डस्ट सावरून तिसरा, आणि कटिंग सहावा.

"प्लम–" एवढंच लव्होनच्या तोंडून निघालं. तिने एमिलचा हात घट्ट धरला होता. आपण काय धरलंय हे तिला ठाऊक नसावं. एमिलला ठाऊक होतं.

"जिंकलीस," तो म्हणाला.

फळ्यावर आकडा लागला: १. लाउडस्पीकरवर निवेदक ओरडला, "जिंकली, कुचेरांची जोडी! कुचेरांची जोडी जिंकली!"

लव्होनने हात काढून घेतला. तिचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आतून कोणीतरी दिवा मालवावा तसं ते झालं. पुढच्याच क्षणी फळ्यावर आकड्याशेजारी चौकशीचा लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि स्टँडमधून एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला.

पंचांची खोली स्टँडच्या छपरावर होती. मर्ल ओस्टरगार्ड आणि इतर दोघे पंच खिडकीशी बसले होते. टेलिव्हिजनवर वळण पुन्हा पुन्हा दिसत होतं. कटिंग पुन्हा पुन्हा बाहेर झुकत होता, डस्ट पुन्हा पुन्हा अडखळत होता. दोन्ही जॉकी बोलून खाली गेले होते. ओस्टरगार्ड वीस वर्षं एमिलला ओळखत होता. एरवी ते एका टेबलावर टोमॅटोचा रस घातलेली बियर पीत. पण या खोलीत तो आडनावाने बोले.

"कुचेरा, तुमचा घोडा बाहेर गेला."

"थकला तो."

"ते दिसलं. दहा वर्षांचा आहे. वर्षभरात त्याने पहिल्या पाचांत नंबर काढलेला नाही. या शर्यतीत का घातलात त्याला?"

 काय विचारलं जात होतं ते एमिलला कळत होतं. नवऱ्याचा न जिंकणारा घोडा पुढे काढायचा, मोठ्या घोड्याला अडवायचं, आणि बायकोच्या घोडीला वाट करून द्यायची. असं लोक पूर्वी करत आले होते, म्हणून तर नियम झाला. पंचांच्या जागी तो असता तर त्यालाही हेच वाटलं असतं. त्याने लव्होनकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून, हात मागे घेऊन उभी होती.

त्याने खिशातून कागद काढला. घामाने त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या.

"आम्ही जोडी नाही," एमिल म्हणाला. "आमचा घटस्फोट झालाय. हिचा-माझा काही संबंध नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं."

ओस्टरगार्डने कागद वाचला, तारीख बोटाने शोधली, आणि दुसऱ्या दोघांकडे दिला. "तीन आठवडे झाले याला. ऑफिसात का नाही दिला?"

"राहून गेला."

"राहून गेला, की ठेवलात?"

टेलिव्हिजनवर प्लम कठड्याच्या वाटेतून निघाली. "ठेवला," एमिल म्हणाला.

"कशासाठी?"

 याचं उत्तर कार्डावर छापलेलं होतं, पण तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. ओस्टरगार्ड लव्होनकडे वळला.

"बाई, तुम्हांला काही म्हणायचंय?"

"माझी घोडी सरळ पळाली," लव्होन म्हणाली.

"हो. सरळ पळाली ती."

तिघं पंच खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात बोलले. एकाने दोनदा मान हलवली, दुसऱ्याने खांदे उडवले. फार वेळ लागला नाही. ओस्टरगार्डने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो फार म्हातारा दिसे.

"हा कागद बुधवारी आला असता, तर तुमचा घोडा वेगळा आणि यांची घोडी वेगळी पळाली असती. धक्का तुमच्या घोड्याचा, शिक्षा त्याची, आणि घोडी होती तिथे राहिली असती. आता मला कळलं खरं काय ते. पण खाली लोकांनी पैसे लावले ते जोडीवर. गेटमधून सुटले तेव्हा ते जोडी होते. फायदा झाला तो जोडीला. शर्यत पळून झाल्यावर मी कागद बघून जोडी मोडायला लागलो, तर उद्या प्रत्येकाच्या खिशातून एकेक कागद निघेल." त्याने एमिलला कागद परत दिला. "दोन्ही घोडे डस्टच्या मागे. घोडी तिसरी. आणि कुचेरा, खोटी नोंद केल्याबद्दल हंगाम संपेपर्यंत तुम्हांला बंदी. उद्या सकाळी सहाच्या आत आवार सोडा."

"मला द्या ना काय ती शिक्षा," एमिल म्हणाला. "तिची का..."

"तुम्हांला दिलीच," ओस्टरगार्ड म्हणाला.

जिना उतरताना खालून लाउडस्पीकर ऐकू आला. फळ्यावरचा १ हा आकडा तिसऱ्या ओळीत गेला. कोणीतरी फाडलेल्या तिकिटांचे तुकडे कापसाबरोबर उडत होते. लव्होन पुढे चालत होती, एमिल चार पायऱ्या मागे.

प्लमला ह्युबर्टने धुऊन, पातळ चादर घालून पागेभोवती चालवायला सुरुवात केली होती. पळून आलेलं जनावर एकदम उभं करता येत नाही. चालवत चालवत त्याला थंड करायचं असतं, फेरीगणिक दोन घोट पाणी द्यायचं असतं. तीस-चाळीस मिनिटं लागतात. लव्होनने मोहरकी हातात घेतली. ह्युबर्टने दोघांकडे पाहिलं, काही चावट बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटून घेतलं.

"कटिंगला मी बघतो," तो एमिलला म्हणाला. "तुझ्यापेक्षा तोच जास्त शहाणा आहे." आणि निघून गेला.

लव्होन घोडीच्या डाव्या बाजूने चालायला लागली. एमिल उजव्या बाजूने. तिने ये म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं. कितीतरी वर्षं ती दोघं अशीच चालली होती, मध्ये घोडा घेऊन, आणि सगळी भांडणं, सगळे बेत याच चालण्यात झाले होते. घोड्याच्या पाठीपलीकडून माणसाचा फक्त आवाज येतो, तोंड दिसत नाही. बोलायला ते बरं पडे.

 दुसऱ्या फेरीला बादलीपाशी प्लम पाणी प्यायली.

"मी खोटं बोललो," एमिल म्हणाला. "नळापाशी. कागद दिला नव्हता."

"माहीत आहे."

"आता कळलंच."

"आता नाही. गुरुवारीच. मी कार्ड वाचत नाही असं वाटलं तुला? सगळ्यात आधी मीच वाचलं. कंस होता, आणि नाव होतं कुचेरा."

एमिल थांबला. घोडी आणि लव्होन थांबल्या नाहीत, म्हणून त्याला चार पावलं भरभर टाकून गाठावं लागलं. "मग बोलली का नाहीस? शुक्रवारी दहापर्यंत वेळ होता. अर्डिसकडे जाऊन नुसतं सांगितलं असतंस..."

"हो, सांगता आलं असतं." पलीकडून तिचा आवाज अगदी साधा आला. "कॉफी केली, खुर्ची बाहेर टाकली, बसले. म्हटलं, येईल. कागद घेऊन येईल आणि म्हणेल, लव्होन, मी हा दिला नाही. चल आता देऊन येऊ. एवढंच. एकतीस वर्षांत स्वतःहून एक गोष्ट. दहा वाजून गेले तरी बसले होते."

"मी बघितलं तुला," एमिल म्हणाला.

"मीही बघितलं तुला. खूर साफ करत होतास. एकच खूर, किती वेळ!"

पागेच्या टोकाशी वळण आलं. वळताना घोडीचं अंग एमिलच्या बाजूला झुकलं, ओलं आणि गरम.

"आलो असतो तर?" त्याने विचारलं.



"आला नाहीस," लव्होन म्हणाली. मग, पुढच्या बादलीशी, "मीपण मूर्खच. घोडीची शर्यत, आणि मी तुझी परीक्षा घेत बसले. तिने काय केलं होतं? ती सरळ पळाली."

"सुंदर पळाली."

"हो ना? वळणावर बघितलंस? चाबूक नाही, काही नाही." एवढं बोलताना तिचा आवाज हलला. ती रडत असावी, पण मध्ये घोडी होती आणि एमिलला दिसलं नाही. घोडीच्या मानेखालून वाकून पाहायचा त्याला धीर झाला नाही. तेवढा धीर त्याला कधीच झाला नव्हता, आणि आज तो एकाएकी कुठून येणार होता!

तीन फेऱ्या अशाच गेल्या.

"दे इकडे तो कागद," ती म्हणाली. "सोमवारी मी देते. बोलू दे अर्डिसला तासभर."

एमिलने तो घोडीच्या मानेवरून पलीकडे दिला. तिची बोटं दिसली, कागद गेला.

"आता प्लमला घरी नेणार?"

"नाही. पुढच्या गावी पळवते, एकदा."

"आठ वर्षांची आहे ती."

"मला नको सांगूस किती वर्षांची आहे. मी ओढून काढलंय तिला बाहेर, खांद्यापर्यंत हात घालून. तू कंदील धरून उभा होतास आणि तुलाच घेरी आली होती."

एमिलला हसू आलं. पलीकडूनही एक छोटासा हसल्यासारखा आवाज आला, किंवा घोडीने नाक फुरफुरलं असेल.

"बंदी उठल्यावर," एमिल म्हणाला, "कधी बघायला आलो तर चालेल? कठड्याशी, लोकांत. पागेत नाही येणार."

प्लमने बादलीत तोंड घातलं. दोन घोट, मग आणखी एक. लव्होनने बादली बाजूला केली. 

ऊन पागेच्या छपराखालून आडवं आत येत होतं. बाहेर शेवटची शर्यत संपून गाड्या निघाल्याचे आवाज येत होते. फेऱ्या किती झाल्या ते एमिलने मोजलं नव्हतं. चालता चालता सवयीने त्याने घोडीच्या पुढच्या दोन पायांमध्ये, छातीवर तळहात ठेवला. कातडी कोरडी होती, गार होती. ती केव्हाचीच थंड झाली असावी.

"झाली का?" पलीकडून लव्होनने विचारलं.

एमिलचा हात छातीवरच होता. इतका उकाडा होता की अजून दोन फेऱ्या लागतील असं तो म्हणाला असता तर तिने मानलं असतं. तीन म्हटलं असतं तरी. या घोडीच्या अंगाची ऊब त्याच्या हाताला कळते, हे ती इतकी वर्षं मानत आली होती.

"झाली," तो म्हणाला. "थंड आहे."

लव्होनने स्वतः हात लावून पाहिलं नाही. तिने मोहरकी वळवली आणि घोडीला आत नेलं.